दुखण्याचा परवाना

महाराष्ट्रात दारू प्यायला सरकारी परवाना लागतो. पिणाऱ्यांतल्या पुष्कळांनी तो काढलेला नसतो आणि काढलेल्यांतल्या फार थोड्यांनी वाचलेला असतो. पण वाचावा असा तो कागद आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या त्या परवान्यात मद्य बाळगायची आणि प्यायची मुभा कशासाठी दिली आहे, तर आरोग्य राखण्यासाठी. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपये, देशीला दोन. वर्षाचा शंभर आणि जन्मभराचा हजार, असे त्याचे दर वर्षानुवर्षं चालत आले. एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं तर दुकानातच असतात. डॉक्टरकडे जावं लागत नाही, दुखणं सांगावं लागत नाही.

आत्याच्या शेवटच्या आजारात एका निराळ्या औषधासाठी आम्हाला वणवण करावी लागली आणि तेव्हापासून हा कागद माझ्या मनातून जात नाही. एकाच राज्यात, एकाच शहरात, धडधाकट माणसाला आरोग्याच्या नावाने दारूची मुभा काउंटरवर मिळते आणि दुखण्याने पिळून निघालेल्या बाईला कळ थांबवणारी गोळी मिळत नाही. नशा आणि औषध यांच्या मध्ये सरकार एक कागद ठेवतं. तो ठेवायला हवाच. पण त्या कागदाने कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे एकदा नीट ठरवायला हवं असं मला फार वाटतं.

परवान्याची गोष्ट आमच्या कोल्हापूरच्या विलीनीकरणाच्याच वर्षाची. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात सामील झालं आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. दारूने संसार उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या पिढीचा तो कायदा होता आणि कडक होता. तरी त्यात आजारी माणसासाठी जागा ठेवलेली होती. ज्याला प्रकृतीसाठी मद्याची गरज आहे असं वैद्यकीय मंडळ सांगेल, त्याला आरोग्य परवाना. घरात अचानक कुणाला गरज पडली तर कुटुंबप्रमुखाला तातडीचा परवाना, आणि त्यावर ब्रँडी, रम किंवा शँपेन. बलसारा खटल्यात 25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचा गाभा कायम ठेवला, पण ज्यांत अल्कोहोल आहे अशी औषधं बाळगायला आणि वापरायला कायदा आड येऊ शकत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे दारूबंदीच्या भर जोरातही कायदा करणाऱ्यांना आणि न्यायाधीशांना आजारी माणूस आठवला होता. मला ही गोष्ट मोठी वाटते.

पुढे वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली. परवाना राहिला, त्यावरचं आरोग्याचं कारण राहिलं; त्यातला आजारी माणूस तेवढा हळूहळू निघून गेला. आजाऱ्यासाठी किलकिलं ठेवलेलं दार सगळ्यांसाठी सताड उघडलं. दुसऱ्या एका कायद्यात याच्या अगदी उलट घडलं.

आत्या शिवाजी पेठेतली. तिचे यजमान तरुणपणी तालमीत घुमलेले, आणि पैलवानाच्या घरात थंडाई म्हणजे रोजचं काम. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे रात्री भिजत घालायचे आणि पहाटे वाटायचे. भांगेचा तिच्याशी काही संबंध नसायचा. कोल्हापूरच्या तालमीतली थंडाई ताकदीसाठी प्यायची असते. आत्याच्या मनगटात त्या वाटणाचा जोर म्हातारपणापर्यंत होता. पुढे तिला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, काही वर्षं बरी गेली, आणि मग तो पाठीच्या मणक्यात उतरला.

हाडातलं दुखणं कसं असतं ते मी तिच्याजवळ बसून पाहिलं. कूस बदलली की कळ, खोकला आला की कळ, कुणी पलंगाला धक्का दिला तरी कळ. रडायची तिला सवय नव्हती. दात आवळून भिंतीकडे बघत राहायची आणि मधेच म्हणायची, "लई दुखालंय रं." साध्या गोळ्यांनी काही होईना, त्यावरच्या ट्रामाडॉलनेही होईना. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, आता मॉर्फीन लागेल.

मॉर्फीन अफूतून निघतं. अफूची बोंडं चिरली की जो चीक गळतो त्यातून जर्मन औषधनिर्माता झेर्टुर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते वेगळं काढलं. आणि त्याच बोंडातलं बी म्हणजे खसखस. आत्याने जन्मभर जी वाटली, ती त्याच झाडाची. भारत हा अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांपैकी आहे. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने हे पीक निघतं आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. औषध आपल्याच मातीत पिकतं, स्वस्त आहे, दोनशे वर्षांचं ओळखीचं आहे. आणि कोल्हापुरात औषधाच्या एका दुकानातून दुसऱ्या दुकानात आम्ही चिठ्ठी घेऊन फिरत होतो. "ते आम्ही ठेवत नाही," असं कुणी सांगे. एका वयस्क दुकानदाराने चिठ्ठी परत देताना हळू आवाजात सांगितलं, "त्याचं रजिस्टर, त्याची तपासणी, कोण बघणार? भानगड नको वाटते." माणूस वाईट नव्हता. तो भ्याला होता, आणि त्याच्या भीतीला कारण होतं.

1985 साली अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला आणि 14 नोव्हेंबरपासून लागू झाला. अफू, गांजा, चरस, कोकेन आणि त्यांपासून होणारे पदार्थ यांच्यावर कडक बंदी आली; काही गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी. आजारी माणूस याही कायद्याला आठवला होता. वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगाला बंदीतून वगळलं असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. भारताने मान्य केलेल्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेतही वेदनाशमनासाठी या औषधांना पर्याय नाही, आणि ती मिळतील अशी व्यवस्था देशांनी केली पाहिजे, हे मान्य केलेलं आहे. पण वगळलं म्हणजे वाट करून दिली असं होत नाही. मॉर्फीन ठेवायचं तर रुग्णालयाला बाळगण्याचा, आणण्याचा, नेण्याचा असे वेगवेगळे परवाने वेगवेगळ्या खात्यांकडून घ्यावे लागत, आणि ते सगळे एकाच वेळी चालू असावे लागत. एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. त्यात नोंदीची चूक झाली तर तुरुंगाची भीती. दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी सरळ ते ठेवणंच सोडलं. 1985 ते 1997 या काळात देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटला. या टक्केवारीचा अर्थ मला आत्याच्या पलंगाशी कळला. इतक्या घरांत माणसं भिंतीकडे बघत, दात आवळून गेली.

या अंधारातही काहींनी काम उभं केलं. मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झालं, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी देशातलं पहिलं. कालिकतमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये वेदनाशामक उपचारांचं काम सुरू केलं आणि कायदा बदलावा म्हणून पुढची वीस वर्षं दिल्लीचे उंबरे झिजवले. पुण्यात वारजे इथे 1997 मध्ये सिप्लाचं केंद्र उभं राहिलं. फेब्रुवारी 2014 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि 2015 च्या नियमांनी सगळ्या देशाला एकच पद्धत लागू झाली. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. प्रशिक्षित डॉक्टर हवा, साठा नीट हवा, नोंदी हव्यात. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर रुग्णाला औषध घरी ठेवता येतं. कायद्याने वाट मोकळी केली, पण बारा-तेरा वर्षांत बसलेली आणि पुढे मुरलेली भीती एका दुरुस्तीने जात नाही. आम्ही फिरलो ते ही दुरुस्ती झाल्यानंतरच.

आत्याचे कागद आधी टाटा रुग्णालयात झालेले होते, म्हणून शेवटी आत्येभाऊ आणि मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो. कोल्हापूरची किती घरं या गाडीने परळला गेली असतील. डब्यात शेजारच्या बाकावर एक जोडपं होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रेचं मोठं पाकीट, ते त्यांनी रात्रभर मांडीवरून खाली ठेवलं नाही. टाटामधल्या वेदनाशमन विभागातल्या डॉक्टर बाईंनी फाईल पाहिली आणि मग आत्याशी फोनवर बोलल्या. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तर तुमचा आकडा कुठला? आत्या म्हणाली, "दहाच्या वर न्हाई व्हय आकडा?"

डॉक्टरांनी दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. दर चार तासांनी एक, रात्री झोपताना दोन, म्हणजे मध्येच उठवावं लागणार नाही. दुखण्याची वाट बघायची नाही. घड्याळ बघून द्यायची. सोबत पोट साफ राहण्याचं औषध न चुकता. आत्येभावाने भीत भीत विचारलं, सवय लागेल का? त्या म्हणाल्या, दुखणाऱ्या माणसाला दुखण्यापुरतं दिलं तर त्याची काळजी करू नका. काळजी कळ थांबत नाही याची करा.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी आत्याने हाक मारली. "आज झोपलो बघ मी. पार उजाडेपर्यंत." मग तिने केस विंचरून मागितले, आणि थोड्या वेळाने आमटीत कुस्करलेली भाकरी. गल्लीतली एक बाई दारात येऊन वहिनींना म्हणाली, "अफू द्यायल्यात म्हणं तुम्ही." वहिनी म्हणाल्या, "औषध देतोय." आत्या त्यानंतर फार दिवस राहिली नाही. पण जे दिवस मिळाले त्यांत ती आमच्याशी बोलली, नातवंडाला ओरडली, सुनेला कुठल्या डब्यात काय आहे ते सांगितलं. त्या गोळीने तिचं मरण पुढे ढकललं नाही. तिला तिचं घर परत दिलं. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही शुश्रूषासंस्था काढली. दुखणं केवळ शरीराचं नसतं, त्यात मनाचं, नात्यांचं आणि देवाशी चाललेल्या भांडणाचंही दुखणं मिसळलेलं असतं, हे साँडर्स इतर डॉक्टरांना शिकवत राहिल्या. शरीराची कळ थांबल्याशिवाय बाकीच्या दुखण्यांपर्यंत पोचताच येत नाही, हे मी आत्याकडे पाहून शिकलो.

त्याच सुमारास न्यू जर्सीहून मावसभावाचे फोन येत होते. त्याच्या बायकोची केमोथेरपी चालू होती आणि उलट्यांनी ती खंगली होती. पाणी प्यायलं तरी बाहेर. तिथल्या डॉक्टरांनी सुचवलं की राज्याच्या वैद्यकीय गांजा योजनेत नाव नोंदवता येईल, कार्ड मिळेल. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1996 मध्ये अशी पहिली मुभा दिली. न्यू जर्सीचा कायदा जानेवारी 2010 चा. पद्धत त्याने मला समजावून सांगितली. डॉक्टर आधी रुग्णाला तपासतात आणि ठरलेल्या आजारांपैकी एखादा आहे असं राज्याच्या नोंदवहीत लिहितात. मग रुग्णाने फोटो, ओळखपत्र आणि त्याच राज्यात राहत असल्याचा पुरावा देऊन अर्ज करायचा. चालता-फिरता येत नसेल तर घरच्या माणसाला आपल्या वतीने आणायला नेमता येतं. कार्ड मिळालं की मान्यताप्राप्त दुकानातून तपासलेला, मात्रा ठाऊक असलेला माल मिळतो. ऐकताना मला वाटलं, पद्धत असावी तर अशी: आधी डॉक्टर, मग सरकार, आणि दोघांच्या मध्ये रुग्ण एकटा नाही.

तरी त्यांनी अर्ज केला नाही. राज्याने मान्य केलेलं हे औषध तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्यात बंदीचंच होतं. नागरिकत्व देणाऱ्या खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केलं होतं की राज्याच्या कायद्याने चालत असलं तरी गांजाशी संबंध आला तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सचोटीच्या अटीला बाधा येऊ शकते. भावाचं ग्रीन कार्डाचं प्रकरण कित्येक वर्षं रांगेत होतं. आजारी बायकोच्या नावाने सरकारी वहीत अशी नोंद करायची की नाही, यावर नवरा-बायको रात्री जागत. शेवटी डॉक्टरांनीच दुसरा मार्ग काढला. गांजातलं जे मुख्य द्रव्य, तेच प्रयोगशाळेत बनवून कॅप्सुलात भरलेलं ड्रोनॅबिनॉल नावाचं औषध अमेरिकेत केमोथेरपीच्या उलट्यांसाठी मान्य आहे. ते साध्या चिठ्ठीवर मिळालं, उलट्या कमी झाल्या, ती भात जेवू लागली. ड्रोनॅबिनॉलला मान्यता मिळाली ती 1985 मध्ये. आपल्याकडे ज्या वर्षी सरसकट भीतीचा कायदा आला, त्याच वर्षी तिकडे त्याच झाडातलं औषध कॅप्सुलात आलं.

भाऊ फोनवर विचारायचा, आपल्याकडे या झाडाचं काय? आपल्याकडे कार्ड नाही. केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. सुटी पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत, म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या त्याच दारूबंदी कायद्याने भांगही मादक द्रव्यांत धरली आहे. आयुर्वेदात हे झाड विजया म्हणून शतकानुशतकं आहे. शार्ङ्गधर संहितेत त्याचा उल्लेख येतो, आणि पोटाच्या जुनाट विकारांवरच्या जातिफलादी चूर्णात ते असतं. औषध नियमावलीच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, म्हणून अशी औषधं वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. आता विजयेच्या पानांच्या अर्काची तेलं आणि गोळ्या आयुष परवान्याखाली तयार होतात आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर दिल्या जातात.

पाश्चात्त्य वैद्यकाला हे औषध आपल्याकडूनच कळलं. विल्यम ओ'शॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात होता. धनुर्वात, संधिवात, आकडी यांवर त्याने गांजाचे प्रयोग केले आणि 1839 मध्ये ते मांडले. गांजाने लोक वेडे होतात अशी ओरड ब्रिटिश पार्लमेंटमध्ये झाली तेव्हा सरकारने 1893 मध्ये आयोग नेमला. त्याने प्रांतोप्रांती फिरून 1,193 साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये सांगितलं की माफक वापराने फारशी हानी होत नाही, अतिरेकाने होते. संपूर्ण बंदी नको, नियंत्रण हवं. सव्वाशे वर्षांनंतर, 2 डिसेंबर 2020 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी मंजूर केला. त्या 27 मतांत भारताचं मत होतं.

या सगळ्याचा अर्थ गांजा हे सर्वरोगहर औषध आहे असा मी घेत नाही. केमोथेरपीच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ताठरणारे स्नायू, लहान मुलांच्या काही अवघड आकड्या, इथे त्याचा उपयोग दिसलेला आहे. त्यापुढच्या अनेक दाव्यांना अजून पुरेसा आधार नाही. हाडातल्या कॅन्सरच्या कळेला मॉर्फीनच लागतं. आणि या पदार्थांची भीती खोटी नाही, हेही मला कोल्हापूर जिल्ह्यातच दिसलेलं आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदानाला उतरतात, तेव्हा चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. असं मतदान असलं की पोर कडेवर घेतलेल्या आणि काठी टेकत आलेल्या बायका भर उन्हात तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात. नशेने घर कसं बुडतं हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. कायदा कडक असावा असं म्हणणाऱ्यांत त्या पहिल्या आहेत, आणि त्यांचं खरं आहे.

पण त्याच रांगेतल्या एखादीच्या घरात आतल्या खोलीत सासू कॅन्सरने तळमळत असते. एकच बाई दोन्ही गोष्टी मागत असते: नवऱ्याच्या हातातली बाटली काढून घ्या आणि सासूच्या हातात गोळी द्या. तिच्या मनात या दोन मागण्यांचं भांडण नाही. ते कायद्याच्या अंमलात तयार झालं. दारूबंदीच्या कायद्यात आजाऱ्याचं दार इतकं रुंद झालं की त्यातून कुणीही आत आलं. अमली पदार्थांच्या कायद्यात तेच दार इतकं अरुंद राहिलं की खुद्द आजारी माणूस बाहेर राहिला. दोन्हीकडे एकच चूक झाली. समोरच्या माणसाला खरंच दुखतं आहे का, हे पाहायला कुणी उरलं नाही.

हे पाहणं अवघड आहे, हे खरं. ताप मोजता येतो, साखर मोजता येते, गाठ फोटोत दिसते. कळ दिसत नाही. ती ज्याची त्यालाच ठाऊक, आणि त्याच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही. म्हणून वेदनेच्या बाबतीत कुठलीही परवानगी शेवटी एका माणसाच्या शब्दावर ठेवलेला विश्वास असते. खात्याचा कारकून हा विश्वास ठेवू शकणार नाही, त्याने ठेवावा अशी अपेक्षाही नको; त्याचं काम साठा आणि हिशेब बघायचं. विश्वास ठेवायचं काम त्या माणसाजवळ बसणाऱ्याचं, त्याच्या डोळ्यांकडे बघून आकडा विचारणाऱ्या डॉक्टरचं. टाटामधल्या त्या बाईंनी आत्याला फोनवर विचारलं आणि तिने सांगितलेलं खरं मानलं. आमच्या सगळ्या वणवणीत आत्याच्या शब्दाला किंमत देणारा तो पहिला प्रश्न होता. परवानगी तिथून सुरू व्हायला हवी, आणि कागदाने तिच्या मागे उभं राहायला हवं.

उद्या महाराष्ट्रात वैद्यकीय गांजाचं कार्ड निघालं तर ते असंच असावं. तपासणारा डॉक्टर नियमाने बांधलेला असावा, ठरावीक मुदतीने पुन्हा पाहणारा असावा. माल तपासलेला असावा. आणि त्या कार्डावरची नोंद पुढे कधी रुग्णाच्याच विरुद्ध वापरली जाणार नाही, याची कायद्याने हमी द्यावी. मावसभावाच्या घरातल्या त्या जागरणांनी मला हे शेवटचं कलम फार महत्त्वाचं आहे हे शिकवलं. पण नव्या कार्डाची वाट न बघता आज करता येण्यासारखं काम आहे. मॉर्फीनसाठी कायदा तयार आहे, नियम तयार आहेत. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीसारख्या तालुक्यांतल्या माणसाला या गोळीसाठी परळपर्यंत जावं लागू नये. प्रत्येक तालुक्यात एक मान्यताप्राप्त संस्था आणि एक प्रशिक्षित डॉक्टर, एवढंच हवं आहे. केरळने 2008 मध्ये वेदनाशमनाचं धोरण आखलं आणि गावोगावच्या स्वयंसेवकांच्या जोरावर ते घराघरात नेलं. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, तालमी आणि तरुण मंडळं उभी करणाऱ्या जिल्ह्याला हे अशक्य आहे असं मी मानणार नाही.

आणि तुमच्या घरात आज कुणी असं भिंतीकडे बघत पडलेलं असेल तर थांबू नका. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा: मॉर्फीन देता येईल का? इथे मिळत नसेल तर कुठल्या मान्यताप्राप्त रुग्णालयात मिळेल? अफू, नशा, शेवट असले शब्द कानावर आले तर घाबरू नका. त्या माणसाला त्याचा आकडा विचारा आणि तो सांगेल तो खरा माना. विचारणारे वाढले की ठेवणारे वाढतील. भ्यालेल्या त्या वयस्क दुकानदाराला आणि त्याच्यासारख्यांना, हे औषध मागायला येणारी माणसं सरळ आहेत आणि कायदा त्यांच्या बाजूचा आहे, हे आपण मागत राहिल्यानेच कळेल.